भार कुणावर, विश्रांती कुणाला?

आपल्या देशात ज्याने सगळ्यात जास्त घाम गाळला, त्यालाच आळशी म्हणायची रीत फार जुनी आहे. मेलेली ढोरं ओढली, सरकारी सांगावा गावोगाव पोचवला, लाकडं फोडली, वेशीवर रात्री जागून काढल्या, तो महार कामचोर; आणि पाटावर बसून दक्षिणा मोजणारा मात्र कष्टाळू विद्वान. आज आरक्षणाचा विषय निघाला की हीच भाषा नव्या कपड्यात समोर येते: 'फुकटे', 'सवलतीचे', 'यांना मेहनत नको'. मी तेरा वर्षं माणसांच्या शरीराकडून मेहनत करून घेण्याचंच काम करतो आहे, त्यातली बरीचशी वर्षं अमेरिकेतल्या कॉलेजांत गेली. त्यामुळे मेहनत कशाला म्हणायचं, थकवा कशाला म्हणायचं आणि आळस कशाला म्हणायचं, यावर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असं मी समजतो.

माझ्या कामाचं नाव 'स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच'. आपल्याकडे हे नाव सांगितलं की लोक विचारतात, 'म्हणजे जिमवाला का?' तसं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या संघाला खेळ शिकवणारे कोच वेगळे आणि त्या खेळाडूंची ताकद, वेग, दमसास वाढवणारा कोच वेगळा. हा दुसरा कोच वर्षभराचा तक्ता आखतो. कोणी कोणत्या दिवशी किती वजन उचलायचं, किती वेळा उचलायचं, किती पळायचं, आणि दोन खेपांच्या मध्ये किती वेळ थांबायचं. यातलं शेवटचं लक्षात ठेवा. या लेखातलं माझं सगळं म्हणणं त्या थांबण्याबद्दल आहे.

बऱ्याच लोकांना वाटतं की वजन उचलताना ताकद वाढते. तसं होत नाही. उचलताना शरीर थकतं, स्नायूंचे तंतू झिजतात. नंतर पोटात अन्न गेलं, पाणी मिळालं, झोप झाली, की शरीर ती झीज भरून काढतं आणि आधीपेक्षा थोडं जास्तच भरून काढतं. ताकद येते ती या भरून काढण्यातून. म्हणून जड स्क्वॅटच्या दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं नुसतं बसून राहणं हा व्यायामाचाच भाग असतो, त्याला कोणी कामचुकारपणा म्हणत नाही. आपल्या तालमीतल्या वस्तादांनाही हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. जोरबैठकांइतकाच खुराक मोठा आणि खुराकाइतकाच आराम मोठा. ज्या शरीरावर भार टाकला त्याला विश्रांती दिली तर ते शरीर बळकट होतं. विश्रांती काढून घेतली तर तोच भार ते शरीर खातो.

हे शास्त्र मी अमेरिकेत शिकलो, पण त्याचा उलटा पुरावा मी घरात पाहिला होता. माझे बाबा नागपूरच्या धान्यबाजारात हमाल होते. माझ्या लहानपणी पोतं क्विंटलचं असायचं. दिवसाला किती पोती ते गाड्या किती आल्या त्यावर. पाठीवर पोतं घ्यायचं, फळीवरून ट्रकवर चढायचं, थप्पी लावायची, उतरायचं, पुन्हा पाठ वाकवायची. दोन पोत्यांमध्ये तीन मिनिटं बसायला सांगणारा तक्ता तिथे नव्हता. तिथे मुकादम होता. बाबांच्या गुडघ्यांची वाटी पन्नाशीच्या आत झिजली. वेटरूममध्ये मी पहिल्यांदा शंभर किलोचा बार एका मुलाच्या खांद्यावर चढलेला पाहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला सांभाळायला दोघे उभे होते, समोर आरसा होता, खाली रबराची जमीन होती, आणि पाच वेळा बसून उठल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बाबा आठवले. तेवढंच वजन, तसाच मणका. फरक एवढाच की इथे त्या वजनाला शास्त्र म्हणत होते आणि तिथे हमाली.

एक योगायोग सांगतो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला नोंदणी, हक्काची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा मिळाली पाहिजे, हे कायद्याने मान्य केलं. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली मुंबईच्या माथाडींची चळवळ होती. त्याच १९६९ साली अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाने बॉयड एपली नावाच्या एका तरुणाला तासाला दोन डॉलर देऊन फुटबॉल संघाकडून वजनं उचलून घेण्यासाठी ठेवलं. हा एपली बांबूउडीचा खेळाडू. दुखापत झाल्यावर वजनं उचलून तो सावरत होता, आणि त्याचं पाहून जखमी फुटबॉलपटूही त्याच्या मागे लागले होते. त्या काळी कोच लोकांची समजूत अशी की वजनं उचलली की खेळाडू जड होतो, मंद होतो. हेड कोचने एपलीला बजावलं होतं की एकही खेळाडू मंदावला तर तुझी नोकरी गेली. खेळाडू मंदावले नाहीत. १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं नेब्रास्काचा संघ देशात पहिला आला, आणि मग प्रत्येक विद्यापीठाला असा माणूस हवासा वाटू लागला. १९७८ साली नेब्रास्कातल्याच लिंकन शहरात ७६ कोच जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. १९८५ पासून त्या संघटनेची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. ओझं उचलणं ही अशी विद्या बनली, पदवी बनली, पगार बनला.

माझं याबद्दल काही वाकडं नाही. विद्या बनली हे चांगलंच झालं. पण ती कोणाच्या शरीरावर बनली आणि तिचा पगार कोणाच्या खिशात गेला, हे आंबेडकरी माणसाने विचारलंच पाहिजे. एपलीच्या आधी, १९५८ साली, लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ वजनं उचलून राष्ट्रीय विजेता झाला. त्यांना ती वाट ॲल्विन रॉय नावाच्या माणसाने दाखवली होती. त्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता, कारण त्या संघात काळ्यांना प्रवेशच नव्हता. पुढे दारं उघडली. आज मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत जवळपास निम्मी मुलं काळी आहेत. पण शिटी कोणाच्या गळ्यात, तक्ता कोणाच्या हातात आणि 'बस झालं, थांबा' म्हणायचा अधिकार कोणाकडे, ते बघितलं की दार किती उघडलं ते कळतं.

आपल्याला हे नवीन नाही. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तासन्तास गोलंदाजी करत. साहेबांची फलंदाजी त्यांनी सुधारून दिली, पण सरावात त्यांच्या हातात बॅट कोणी दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा माणूस हिंदू संघाचा कर्णधार कधी झाला नाही. घाम चालतो, अधिकार चालत नाही.

मी या धंद्यात शिरलो ते राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. हे मुद्दाम लिहितो, कारण 'सवलतीचे' म्हणणाऱ्यांना त्या सवलतीतून काय उभं राहतं ते दिसलं पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठात मी व्यायामशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात दाखल झालो. या धंद्यात शिरायची वाट अशी असते: आधी बिनपगारी उमेदवारी, मग शिकता शिकता अर्धवेळ मदतनीस, मग सहायक कोच, आणि नशीब असेल तर प्रमुख. कॉलेजच्या कोचांची जी स्वतंत्र संघटना आहे तिच्या प्रमाणपत्रासाठी ६४० तासांची उमेदवारी लागायची. पहाटे साडेचारला वेटरूम उघडायची, बार पुसायचे, प्लेटा लावायच्या, पाण्याचे पिंप भरायचे, मुलांच्या वजनाच्या नोंदी करायच्या. ६४० तास फुकट राबणं कोणाला परवडतं? ज्याच्या बापाने खर्चाला पैसे धाडले त्याला. माझ्याबरोबरची दोन काळी मुलं अर्ध्यातून निघून गेली, कारण त्यांना संध्याकाळी गोदामात कामाला जावं लागायचं आणि पहाटे डोळे उघडत नव्हते. प्रमुख कोच म्हणाले, 'त्यांच्यात तळमळ नव्हती.' मी टिकलो तो माझ्यात तळमळ जास्त होती म्हणून नव्हे, शिष्यवृत्ती होती म्हणून. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे ६४० तास मोजावेत.

तिथल्या मराठी मंडळींचीही एक गंमत सांगतो. गणपतीच्या जेवणाला गेलो की पहिला प्रश्न, 'कुठे असता?' दुसरा प्रश्न, 'कोणत्या कंपनीत?' मी म्हणायचो, फुटबॉल संघाच्या वेटरूममध्ये. मग 'हो का, छान' म्हणून वाटी घेऊन माणूस दुसरीकडे जायचा. आडनाव विचारायची गरजही पडत नसे. हाताने काम करणाऱ्याला खाली आणि डोक्याने करणाऱ्याला वर ठेवायची सवय सातासमुद्रापार सामानातून जाते. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त सांगितलं आहे की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीसुद्धा वरखाली रचलेली. ते समजायला मला त्या जेवणांचा फार उपयोग झाला.

आता या कोचच्या हातात सत्ता किती असते ते सांगतो. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, आणि हंगाम नसताना त्याहून बराच कमी. हे कागदावर. पण उन्हाळ्यात 'ऐच्छिक' व्यायाम असतो आणि तिथे हेड कोचपेक्षा स्ट्रेंथ कोचच मुलांसोबत जास्त असतो. ऐच्छिकला कोण आलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. न येणाऱ्याची संघातली जागा आणि शिष्यवृत्ती धोक्यात येते. आपल्याकडे 'स्वखुशीने' केलेली वेठबिगारी ज्याने पाहिली आहे, त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. आणि त्या कोचची स्वतःची नोकरी हेड कोचच्या मर्जीवर. हेड कोच हरला की दोघांची गाठोडी एकाच दिवशी बाहेर. त्यामुळे मालकाला आपण कडक दिसलो पाहिजे, ही त्याला सतत धास्ती. अशा माणसाच्या हातात शंभर मुलांची शरीरं असतात. मुकादमाचं दुसरं वर्णन काय असतं?

इथे माझ्या ताईची गोष्ट सांगावी लागेल. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणापासून तिचे सांधे दुखायचे, डोळे पिवळे दिसायचे, अंगणातून पाण्याची बादली आणली की ती भिंतीला टेकून बसायची. शाळेत बाई म्हणायच्या, ढोंगी आहे. नात्यातल्या बायका म्हणायच्या, सासरी कसं होणार या आळशी पोरीचं. ती बारा वर्षांची असताना मेडिकल कॉलेजात रक्त तपासलं आणि कळलं की ताईला सिकलसेल आहे, एस.एस. पॅटर्न. मग आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. आई, बाबा आणि मी ए.एस., म्हणजे वाहक. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत हा आजार घरोघर माहीत आहे. ज्या भागात पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून ते आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांच्या वंशजांत आहे आणि आपल्यातही आहे. ताई आज औषधावर आहे, नोकरी करते, आणि दुखायला लागलं की थांबते. थांबायची परवानगी मिळाली म्हणून ती जगली, असं मी मानतो.

वाहकाला एरवी काही त्रास नसतो. पण उन्हात, पाणी कमी असताना, विश्रांतीशिवाय जिवावर उठून पळवलं, तर त्याच्याही लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायूंना रक्त मिळत नाही, ते विरघळायला लागतात आणि मूत्रपिंड, हृदय बंद पडू शकतं. याचं लक्षण फार फसवं आहे. गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा होतो, माणूस ओरडतो. इथे तसं होत नाही. मुलगा शुद्धीत असतो, बोलतो, पाय फक्त लुळे पडल्यासारखे होतात आणि तो खाली बसतो. बघणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय. म्हणजे जे जीव जाण्याचं लक्षण, तेच आळसाचंही लक्षण. आता सांगा, ज्या समाजाला तुम्ही आधीच आळशी ठरवून ठेवलं आहे, त्यातल्या मुलाचं हे बसणं तुम्ही कसं वाचाल?

२०१५ च्या उन्हाळ्यात मी त्याच विद्यापीठात सहायक होतो. शंभर यार्डांच्या धावा चालू होत्या. अठरा वर्षांचा एक काळा मुलगा, नुकताच आलेला, बाराव्या धावेनंतर गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि मग हळूच गवतावर बसला. प्रमुख कोच त्याच्या तोंडावर वाकून ओरडत होते. मुलगा म्हणत होता, पाय चालत नाहीत. मी त्याच्या पोटऱ्यांना हात लावला. मऊ होत्या. त्याच्या वैद्यकीय फायलीत ए.एस.ची नोंद होती. २०१० पासून मोठ्या विद्यापीठांत ही तपासणी करायचा नियम आहे, त्यामुळे कागद होता. पण कागद मैदानावर आला नव्हता, जसं ॲट्रॉसिटीचं कलम पुस्तकात असतं आणि ठाण्यात येत नाही. मी सांगितलं की हा आता पळणार नाही. कोच म्हणाले, 'तू बाजूला हो.' मी झालो नाही. मुलाला सावलीत नेलं, संघाच्या वैद्यकीय माणसाला हाक मारली, ऑक्सिजन लावला, रुग्णवाहिका आली. मुलगा तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी गेला. त्या वर्षाच्या शेवटी माझा करार वाढवला नाही. कारण लिहून दिलं होतं: संघाच्या शिस्तीशी जुळवून घेत नाही. पुढे शेजारच्या राज्यातल्या एका लहान कॉलेजने मला घेतलं आणि मी तिथे सहा वर्षं काढली.

हे माझ्यापुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. २००६ मध्ये राइस विद्यापीठात डेल लॉइड हा १९ वर्षांचा काळा खेळाडू शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेल वाहक होता आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यानंतर तो तपासणीचा नियम आला. २०१८ च्या मे महिन्यात मेरिलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर, तोही १९ वर्षांचा, तोही काळा, धावांच्या सरावात उष्माघाताने कोसळला. त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलं नाही. पंधरा दिवसांनी तो वारला. विद्यापीठाने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली आणि स्ट्रेंथ कोचला जावं लागलं.

आयोवा विद्यापीठाचं उदाहरण तर बोधकथेसारखं आहे. २०११ च्या जानेवारीत सुट्टीवरून परतलेल्या खेळाडूंकडून इतके स्क्वॅट करून घेतले की १३ जणांना स्नायू विरघळल्यामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं. काही महिन्यांनी हेड कोचने त्याच स्ट्रेंथ कोचला उत्तम सहायकाचा पुरस्कार दिला. २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर, अनेक काळे माजी खेळाडू बोलू लागले की तिथे आम्हाला कसं हिणवलं जायचं. कोचने आरोप नाकारले. पण विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीने म्हटलं की संघाच्या नियमांनी वांशिक पूर्वग्रह टिकवून ठेवले. तोवर तो देशातला सर्वांत जास्त पगाराचा स्ट्रेंथ कोच होता, वर्षाला ८ लाख डॉलर. जाताना त्याला ११ लाख डॉलरच्या आसपास मिळाले. ज्या मुलांच्या पाठीवर हा पगार उभा होता, त्यांना तेव्हा खेळाबद्दल पगार नावाचा एक पैसाही मिळत नव्हता. बारा माजी खेळाडूंचा दावा २०२३ मध्ये ४१ लाख ७५ हजार डॉलरवर मिटला. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायची सोय तर २०२५ मध्ये, न्यायालयातल्या तडजोडीनंतर झाली.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो. कडकपणाशिवाय खेळाडू घडत नाही, आणि वाहक असतील तर त्यांनी या खेळात येऊच नये. मनुस्मृतीची आठवण करून देणारा हा युक्तिवाद आहे: दोष व्यवस्थेत नाही, तुझ्या रक्तात आहे. त्याला उत्तर अमेरिकन सैन्यानेच दिलं आहे. २०१६ मध्ये ४७,९४४ काळ्या सैनिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांत स्नायू विरघळण्याचा धोका जास्त आढळला, पण मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही. त्या सैन्यात पाणी, सावली आणि विश्रांतीचे नियम रक्त न बघता सगळ्यांना सारखे लागू होते. सैन्यापेक्षा कडक शिस्त कुठे असते? तिथे मुलं वाचतात आणि कॉलेजच्या मैदानावर मरतात, तर दोष रक्ताचा कसा?

विश्रांती ही दया नाही, हक्क आहे, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. वतनदार महाराला दिवसा-रात्री कधीही बोलावलं तरी जावं लागे, आणि तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी. कामाला वेळ नाही आणि थांबायला हक्क नाही, हेच त्या गुलामीचं मूळ होतं. पुढे मजूर खातं हाती आल्यावर त्यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या भरपगारी रजेचा कायदा पुढे नेला, आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक १९४६ मध्ये मांडलं. आम्ही त्यांचं नाव संविधानासाठी घेतो, ते बरोबरच आहे. पण रविवारी घरी बसून ज्याला दम घेता येतो अशा प्रत्येक कामगाराने, मग तो कोणत्याही जातीचा असो, एकदा तरी त्यांचं नाव घ्यायला हवं.

२०२१ मध्ये बाबांच्या आजारपणामुळे मी परत आलो. आता विदर्भातल्या एका खासगी कॉलेजात मुलांचा व्यायाम घेतो. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना रिकामा ठेवतात, म्हणजे कायमचा हक्क सांगता येऊ नये. शास्त्र सांगतं की विश्रांतीने माणूस बळकट होतो. ही विश्रांती मात्र माणसाला कमकुवत करण्यासाठीच शोधून काढलेली आहे.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. पहाटे पाचला आपल्या वस्त्यांतल्या मैदानांवर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी १६०० आणि ८०० मीटर पळत असतात. त्यांत आपली किती, हे मला सांगायला नको. कोणा माजी सैनिकाने किंवा उत्साही दादाने ॲकॅडमी काढलेली असते. शिकवणं मनापासून असतं, पण पद्धत मुकादमाची: जो थांबला तो नालायक. पोरं उपाशीपोटी पळतात, भरती जवळ आली की एकदम दुप्पट पळतात. सिकलसेलची तपासणी कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्यात एकामागून एक उमेदवार मेले, तेव्हा सगळ्यांनी दोन दिवस हळहळ केली आणि विषय संपला. ती पोरं श्रीमंतांची नव्हती.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. जिथे आपली मुलं पळतात, तिथे सगळ्यांची सिकलसेल तपासणी झाली पाहिजे. सरकारी दवाखान्यात ती होते. वाहक निघाला म्हणून कोणाला बाहेर काढायचं नाही. अंतर आणि वेग आठवड्याआठवड्याने वाढवायचा, एकदम नाही. दोन धावांमध्ये श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचं. पाणी मैदानावर ठेवायचं, दुकानात नाही. ज्याचे पाय लुळे पडले पण पोटरी मऊ आहे, त्याला शिव्या न देता सावलीत न्यायचं आणि लगेच दवाखान्यात. आणि भरती घेणाऱ्या सरकारकडे मागणी करायची: धावण्याची चाचणी सकाळच्या थंड वेळेत घ्या, मैदानावर डॉक्टर आणि ऑक्सिजन ठेवा, मेला तर 'उमेदवाराची जबाबदारी' असा शिक्का मारून मोकळे होऊ नका.

बुद्धविहारात आपण पुस्तकं ठेवली, अभ्यासिका केल्या, हे मोठं काम झालं. त्याच विहाराशेजारच्या मैदानावर शरीराची विद्याही आपल्या हातात आली पाहिजे. आपल्या पिढ्यांनी ओझं भरपूर उचललं, उचलायचं कसं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. थांबायचं केव्हा, हे ठरवायचा अधिकार मात्र नेहमी दुसऱ्याकडे होता. तो आता आपल्याकडे घ्यायचा आहे. तुमच्या वस्तीत अशी ॲकॅडमी असेल तर उद्या पहाटे जा आणि त्या दादाला एवढंच विचारा: तुझ्या पोरांपैकी किती जणांची तपासणी झाली आहे?

जयभीम!